जवळची खूण

प्रिय खारूताई,

सर्वप्रथम एक तक्रार. ती गंभीर स्वरूपाची आहे, तेव्हा उभ्या उभ्या वाचू नकोस, बसून घे. तक्रारीचा विषय: माझे शर्ट. वादी: मी. प्रतिवादी: आपलं कपडे धुण्याचं मशीन, राहणार बाथरूमबाहेरचा बोळ. गेले कित्येक दिवस माझ्या यच्चयावत शर्टांना एक वास येतो आहे. ओल्या पोत्याचा म्हणावा तर तसा नाही, जुन्या पुस्तकाचा म्हणावा तर तेवढं त्याचं भाग्य नाही. मला स्वतःला तो येत नव्हता, कारण नाक हा अवयव मालकाशी फार एकनिष्ठ असतो. पण कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी आधी आपली खुर्ची खिडकीकडे सरकवली, मग खिडकी उघडली, आणि शेवटी एक दिवस अतिशय सभ्यपणे विचारलं, "सर, तुमच्याकडे ऊन येत नाही का हो?" मी त्यांना दक्षिणायनाबद्दल यथाशक्ति माहिती दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि परत खिडकीकडे गेल्या. विषय सूर्याचा नसून शर्टाचा होता, हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं.

मग तपास लावला. कपडे धुऊन होतात, पण काढायला कोणी येत नाही. कोणी म्हणजे मी. घरात 'कोणी' या शब्दाला आता दुसरा अर्थ उरलेला नाही. सकाळी कपडे लावतो, कागद घेऊन बसतो, आणि मशीन आपलं काम संपवून मुकाट बसून राहतं. संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी, बोळातून जाताना काचेतून पिळलेला गोळा दिसतो आणि आठवण होते. पूर्वी असं होत नसे. पूर्वी धुणं झालं की मशीन गायचं. आठवतं ना ते गाणं? टिंग टिंग टिंग करत वर चढायचं आणि उतरताना शेवटचा सूर गिळून टाकायचं, गाण्याच्या परीक्षेत ऐन वेळी घाबरलेल्या मुलासारखं. आणि तुझी आई घरात कुठेही असो, गच्चीवर असो की फोनवर, तिथून ओरडायची, "आले गं बाई, आले!" मशीनला ती बाई समजायची, तीही वयाने मोठी. शाळेच्या मैदानावर शे-दोनशे पोरांना शिट्टी न वाजवता रांगेत उभं करणारी ही कवायतीची बाई मशीनच्या एका हाकेला पळत जायची. तर तो आवाज बंद झाला आहे. मशीन चालतं, बोलत नाही. इतके महिने माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

कचेरीचं म्हणशील तर सगळं जिथल्या तिथे आहे. औषधांच्या खोक्यात घड्या घातलेली जी पत्रकं असतात आणि जी कोणी वाचत नाही, ती मी वाचतो. संस्कृत घेऊन पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या माणसाचं पुढे काय होतं अशी ज्यांना उत्सुकता असेल, त्यांनी खोकल्याच्या औषधाचं पत्रक उलगडून बघावं; त्यातला प्रत्येक अनुस्वार माझ्या नजरेखालून गेलेला असतो. सध्या एका गोळीचं पत्रक हाती आहे. त्यात दुष्परिणामांखाली 'भावनांची तीव्रता कमी होणे' असं लिहिलं आहे, आणि पान उलटलं की तेच वाक्य फायद्यांखालीही आहे. जुळणीची चूक असणार म्हणून मी दोन्हीकडे लाल खूण करून वर पाठवलं. उत्तर आलं, दोन्ही ठिकाणी बरोबर आहे, राहू द्या. मी राहू दिलं.

आता तुझ्याकडे वळतो. तुझ्या नोकरीची हकीकत तू मला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलीस. मी ती इथे सलग लावून बघणार आहे, कारण अन्वय लावल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट कळत नाही, हे तुला ठाऊक आहे. आई गेली, तू परीक्षेसाठी परत हॉस्टेलवर गेलीस, आणि निकाल लागायच्या आतच काम शोधायला बाहेर पडलीस. मी म्हटलं, काही गरज नाही गं, आहे ते पुरतंय, शिकायचं तेवढं शिक. तू म्हणालीस, "पैशासाठी नाही बाबा. वेळ जातो." मी ते वाक्य तेव्हा तसंच पुढे जाऊ दिलं. जी मुलगी वर्षभरापूर्वी मला दिवस लहान असल्याबद्दल बोल लावत होती, जणू तो मीच कापून आणला होता, तिला आता वेळ घालवायला नोकरी लागते, एवढं तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढण्यात माझी नजर खर्ची पडते. घरच्या वाक्यांना ती उरत नाही.

आधी तू शिकवणी बघितलीस. कॉलेजच्या मागच्या गल्लीतलं घर, गणितात कच्ची असलेली एक मुलगी, जरा जास्तच बोलकी अशी तिची आई. तिने चहा ठेवला, बिस्किटं काढली, वडील काय करतात विचारलं आणि मग आई काय करते विचारलं. तू म्हणालीस, "आई घरीच असते." ते तू मला अगदी हवामानाची बातमी द्यावी तसं सांगितलंस, आणि पुढे म्हणालीस की आता रोज तिथे जायचं म्हणजे रोज तसंच सांगत राहावं लागेल, म्हणून नको कळवलं. मग चपलांचं दुकान. ते काम तुला आवडलं होतं. गिऱ्हाइकाच्या पायाशी स्टुलावर बसायचं, मान खाली, माप घ्यायचं, खोकं आणायचं. "कोणी तोंडाकडे बघत नाही बाबा," असं तू म्हणालीस आणि मी हसलो. पण दुकानदाराला शनिवार पूर्ण हवा होता आणि शनिवारी तुझी प्रॅक्टिकल्स, तेव्हा ते सुटलं. कॉफीच्या दुकानात तुला ठेवून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी मालक म्हणाला, "ताई, काम छान आहे तुमचं, पण जरा हसत जा ना. लोकांना वाटतं, कॉफीत काहीतरी पडलंय." यावर तर मी मनापासून हसलो. माझं हसणं संपेपर्यंत तू फोनवर थांबलीस, आणि मग म्हणालीस, "तर ते पण गेलं."

आणि मग हे, सध्याचं. कॉलेजच्या नोटीसबोर्डावर चिठ्ठी होती: संध्याकाळचं काम, बसून, बोलण्याचं, विद्यार्थ्यांना प्राधान्य. फ्रिज, पंखे, धुण्याची मशीनं असल्या वस्तूंच्या तक्रारी फोनवर लिहून घ्यायच्या. मुलाखतीत म्हणे प्रश्न विचारलेच नाहीत. एकेकाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, आणि पलीकडच्या खोलीतून एक माणूस गिऱ्हाईक होऊन शिव्या घालणार. फ्रिज बंद पडला, दूध नासलं, पाहुण्यांसमोर अब्रू गेली, तुम्ही चोर, तुमची कंपनी चोर. तुझ्या आधीची मुलगी रडत बाहेर आली. तिच्या आधीचा मुलगा त्याला सव्याज परत शिव्या देऊन बाहेर आला; त्याच्या शब्दसंग्रहाचं कौतुक झालं, पण त्याला घेतलं नाही. तू आत गेलीस. तो ओरडला. तू म्हणालीस, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. मॉडेल नंबर सांगता का?" तो आणखी ओरडला. तू मॉडेल नंबर विचारलास. शेवटी त्याचाच घसा बसला आणि तो पाणी प्यायला गेला. सुपरवायझर बाई खूश झाल्या. तुला म्हणाल्या, "तुझ्या आवाजात ना, काहीच नाहीये. एकदम प्लेन! हे शिकवून येत नाही गं." जागेवर नोकरी.

मी शाबासकी दिली. तुझ्या आत्यालाही फोन करून साग्रसंगीत सांगितलं, शिव्यांसकट. आत्या हसली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, ही तीच ना रे, शेपटी तुटलेली पाल बघून दोन दिवस जेवली नव्हती ती?" मी म्हटलं, हो, तीच. मग आम्ही हवापाण्याचं बोललो.

खारूताई हे नाव तुला गालांवरून पडलं असा तुझा समज आहे, कारण लहानपणी तू घास गालात साठवून ठेवायचीस. तो समज आम्ही तुझ्या समाधानासाठी राहू दिला. खरं कारण आवाज. झाडाच्या शेंड्यावर बसून खार कशी कोणी ऐको न ऐको, सकाळपासून किरकिर लावते, तसं तुझं चालायचं. शाळेतलं, रस्त्यातलं, स्वप्नातलं, न घडलेलं, सगळं. दात घासताना तू बोलायचीस आणि आरशावर त्याचे पुरावे राहायचे. आई म्हणायची, "हिचा आवाज कमी करायचं बटण कुठे दिलंय, ते बघा रे कोणीतरी." आता त्या आवाजात काहीच नाही म्हणून तुला पगार मिळतो. व्याकरणात अव्यय म्हणून एक प्रकार असतो. कुठल्याही वाक्यात टाका, कोणाच्याही शेजारी बसवा, त्याला काही म्हणता काही होत नाही. मला अव्ययं नेहमी आवडत आली. त्यांच्यात चुका कमी होतात.

मागच्या महिन्यातला तो रविवार तुझ्या लक्षात आहे का, मला माहीत नाही. नेहमीप्रमाणे तुझा फोन आला. "जेवलास का?" जेवलो. "काय केलंस?" खिचडीच. "औषध घेतलंस?" घेतलं. मी विचारलं, अभ्यास? चाललाय. झोप? होते. आणि संपवताना तू म्हणालीस, "आणखी काही मदत हवी आहे का?" मी म्हणालो, "नाही, धन्यवाद." आपण दोघांनी फोन ठेवले. मी उठून पाणी प्यायलो, पेला विसळून पालथा घातला, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाटलं, तुझ्याही पडेल, आत्ता परत फोन करशील, आणि आपण जरा हसू. मी खुर्ची फोनजवळ ओढून बसलो. तूही कदाचित तशीच बसली असशील, माझ्या फोनची वाट बघत. किंवा पुढच्या कामाला लागली असशील.

तर मशीन. त्याच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर तक्रारीचा नंबर होता. या कंपनीचे फोनही तुमच्याकडेच येतात, हे तू मागे बोलली होतीस. तरीही मी केलेला फोन शुद्ध तक्रारीचा होता असं मी शपथेवर सांगायला तयार आहे, फक्त ती शपथ फार जड वस्तूवर हात ठेवून घ्यायला लावू नकोस. पहिल्यांदा एका मुलाने उचलला. मी म्हटलं, राँग नंबर. मग सर्दी झालेली एक मुलगी लागली. तिला मी वाफ घ्यायला सांगितली आणि ठेवला. मग परत तोच मुलगा. तो म्हणाला, "काका, राँग नंबरच ना?" त्या मुलाला बढती द्यायला हवी. दुसऱ्या दिवशी तुझं कॉलेज सुटून कामाची वेळ झाल्यावर पुन्हा लावला. आधी वाद्यसंगीत झालं, मग आपला कॉल आमच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते झालं, आपलं बोलणं ध्वनिमुद्रित होईल हेही झालं, आणि मग तू आलीस.

"नमस्कार," तू म्हणालीस आणि तुझं तिथलं नाव सांगितलंस. तिथे तुम्हा सगळ्यांना छोटी, सुटसुटीत नावं वाटून दिली आहेत, हे मला माहीत होतं. तुझ्या वाट्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. चांगलं आहे. आम्ही ठेवलं नव्हतं. "मी आपली काय मदत करू शकते?" मी तोंड उघडलं ते 'खारूताई' म्हणायला, आणि म्हणालो, "माझं मशीन धुणं झाल्यावर आवाज करत नाही." का, ते मला नीट सांगता येणार नाही. सुपरवायझर बाई मधूनच ऐकतात असं तू म्हणाली होतीस, तेव्हा तुझ्या नोकरीवर गदा यायला नको, हे एक. दुसरं म्हणजे मला वाटलं, पहिल्याच वाक्याला ओळखेल. माझा आवाज काही गोड नाही, पण एकदा ऐकला की विसरणं अवघड जातं, असं तुझी आई म्हणायची. स्तुती म्हणून नव्हे. तू म्हणालीस, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. आपण मशीन एकदा बंद करून परत चालू करून पाहिलंत का?" जन्मात पहिल्यांदा तू मला 'आपण' म्हणालीस. मी म्हटलं, पाहिलं. ते खोटं होतं.

मग तू नाव विचारलंस. मी नाव सांगितलं, आडनावासकट, जे तुझंही आहे. पलीकडे संगणकाच्या कळा वाजत होत्या. पत्ता विचारलास. इमारत सांगितली, मजला सांगितला, दार सांगितलं. मी मुद्दाम सावकाश सांगत होतो, परीक्षेत मास्तर उत्तराजवळ घुटमळतात तसं. कळा वाजत होत्या. तू म्हणालीस, "जवळची खूण?" आणि इथे मी जरा वाहवलो. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान सांगता आलं असतं. मी म्हटलं, "जिन्याखाली मुलीची लाल सायकल आहे. मागचं चाक नाही." ते चाक कुठे गेलं हे आपल्या तिघांना ठाऊक होतं. शाळेत सायकलची शर्यत होती, एका पोराचं चाक ऐन वेळी वाकडं झालं, आणि आईने घरी येऊन तुझं काढून नेलं. तो जिंकला, चाक घेऊन पसारही झाला, आणि तू घरात अबोला पुकारलास. अबोला म्हणजे काय, तर आईला सांगायचं ते सगळं मला मोठ्याने सांगायचं, तिच्यासमोर.

सायकल म्हटल्यावर कळा थांबल्या. मीही थांबलो. मग तू म्हणालीस, "एकदा कन्फर्म करते. जिन्याखाली लाल सायकल, मागचं चाक नाही. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. "आमचा माणूस एक-दोन दिवसांत आपल्याशी संपर्क साधेल. आणखी काही मदत हवी आहे का?" मी म्हणालो, "नाही, धन्यवाद." माझं ते आता पाठ झालं आहे.

मेकॅनिक आला. गोल चेहऱ्याचा, घाईतला, बोलका माणूस. दारातच म्हणाला, "सायकलीवरून बरोबर सापडलं बघा काका! नाहीतर लोक खूण काय सांगतात, तर झाड. आता झाड कुठे नसतं?" त्याने बोळात फडकं पसरलं, त्यावर हत्यारं मांडली, मला विजेरी धरायला दिली. आणि मग काही उघडायच्या आधी समोरची दोन बटणं एकदम दाबून धरली. मशीन टिंग म्हणालं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, हे बिघडलेलं नाहीये. हे कोणीतरी मुद्दाम बंद केलंय. तान्हं बाळ आहे का घरात? झोपमोड होते म्हणून करतात लोक." मी म्हटलं, बाळ नाही. "मग कोणी आजारी?" मी म्हटलं, होतं. त्याने हत्यारं परत पिशवीत भरली, एकेक करून, आवाज न करता.

तेव्हा मला आठवलं. आईचा पलंग आपण बोळालगतच्या खोलीत आणला होता. तिला झोप लागायची ती तुकड्यातुकड्याने, आणि नेमकं मशीन गायलं की मोडायची. तू कॉलेज बुडवून आली होतीस. एका दुपारी तू कपाटातून मशीनची पुस्तिका शोधून काढलीस, बोळात मांडी घालून वाचलीस आणि दोन बटणं दाबलीस. मी कचेरीतून आलो तेव्हा आईने मला जवळ बोलावलं. तिचा आवाज तोवर गेलाच होता, नुसता श्वासाने बोलायची. म्हणाली, "तुझ्या पोरीने बाईचं तोंड बांधलंय. आता मला हाका कोण मारणार?" आपण तिघंही हसलो. त्यानंतर या घरात आपण तिघं मिळून हसलो नाही. तर खारूताई, हिशेब असा की मशीन तू गप्प केलंस, ते गप्प का म्हणून मी तक्रार केली, ती तूच लिहून घेतलीस, आणि त्याला बोलतं करायला माणूसही तूच धाडलास. आपण दोघं एका घरातली माणसं, आणि दोन बटणांसाठी आपल्यामध्ये पगारी मेकॅनिक. मी विसरलो होतो. तूही विसरली होतीस, असं दिसतं.

त्याने खात्री करायला रिकामं मशीन थोडा वेळ फिरवलं. आम्ही दोघं बोळात उभे होतो. ते थांबलं आणि गायलं, वर चढलं, उतरलं, शेवटचा सूर गिळला. घरात कोणी ओरडलं नाही. मी वाट बघत होतो असं म्हणणं अतिशयोक्त होईल, पण काही वेळ हललो नाही हे खरं. मेकॅनिक म्हणाला, "काका, इथे सही." मी सही केली, त्याला पाणी दिलं, दार लावलं. मग सगळे शर्ट आणून मशीनमध्ये घातले. झाल्यावर ते गायलं, मी उठलो, काढले, वाळत घातले. मला काही वाटलं नाही. मी नीट तपासून बघितलं, जसं पत्रकाची शेवटची ओळ तपासतो तसं, काही नव्हतं. वास गेला आहे. शेजारच्या बाईंची खुर्ची पूर्वस्थळी परत आली आहे. वादीची तक्रार राहिलेली नाही.

नंतर कंपनीकडून विचारणा झाली, आमच्या प्रतिनिधीला पाचपैकी किती गुण द्याल. मी पाच दिले. शेरा द्यायचा तर बोला म्हणाले. मी पुष्कळ विचार केला आणि म्हणालो, "सभ्य आहे." पुढच्या रविवारी तू मला सांगितलंस की कामाच्या ठिकाणी तुझं नाव फळ्यावर लागलं, कोण्या काकांनी पाच गुण दिले. मी अभिनंदन केलं आणि विचारलं, कुठल्या काकांनी गं? "काय माहीत बाबा," तू म्हणालीस, "किती फोन येतात." तू लहानपणी खोटं बोललीस की शेवटचा शब्द लांबवायचीस, त्यावरून आम्ही तुला हमखास पकडायचो. मी तो शब्द कान देऊन ऐकला. तो बाकीच्या शब्दांएवढाच होता. मग तू विचारलंस, जेवलास का.

हे सारं फोनवर बोलता आलं असतं. पण फोन तू उचलतेस की ती सुटसुटीत नावाची मुलगी, याची मला हल्ली खात्री नसते. पत्रावर निदान तुझं नाव घालता येतं. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली तर ये. नाही दिली तर आजारी आहे सांगून ये. आजाराचं वर्णन मी लिहून पाठवतो, ती भाषा मला चांगली येते. मशीनचा आवाज चालू ठेवला आहे. सायकल जागेवर आहे. आई गेल्यापासून तू रडलेली नाहीस. मीही नाही, पण माझं मी बघेन, मला कोणी काचेच्या खोलीत बसवून त्याबद्दल शाबासकी दिलेली नाही. त्या दिवशी तू मला ओळखून गप्प राहिली असशील, तर ते मला समजतं. मीही तेच केलं. राग आला असेल तर तो घेऊन ये. माझी काळजी वेगळी आहे, आणि ती तुला साध्या शब्दांत सांगायला मला इतकी पानं लागली. मला भीती वाटते की तू गप्प राहिली नव्हतीसच. तुला खरोखर काही ऐकू आलं नव्हतं. सायकलसुद्धा नाही.

तुझाच, आडनावासकट,
बाबा